आयओएमएमयू ऑन करा! "गेम कंपनी रॅममध्ये घुसते" म्हणणाऱ्यांना उत्तर

रडार_नको (धागाकर्ता)
काल आमच्या ग्रुपवर एकानं भलीमोठी पोस्ट टाकली, की व्हॅलोरंट हा ऑनलाइन शूटिंग गेम आता बायोसमधलं (पीसी सुरू होताना पहिलं चालणारं सॉफ्टवेअर) आयओएमएमयू, म्हणजे कुठल्या कार्डानं रॅमचा कुठला भाग वाचायचा ते ठरवणारी यंत्रणा, ऑन करायला सांगतंय, कोणीही करू नका, कंपनीचा आपल्या रॅममध्ये घुसायचा डाव आहे. खाली सगळे "बरोबर भावा". डोकं फिरलं म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

अरे सगळं उलटं आहे राव. आयओएमएमयू रॅम उघडी करत नाही, कुलूप लावतं. डीएमए (थेट रॅम वाचणारे) चीटवाले काय करतात, मदरबोर्डवरच्या पीसीआयई स्लॉटमध्ये एफपीजीएचं (हवं तसं काम लावता येणाऱ्या चिपचं) कार्ड बसवतात, ते स्वतःला साधं नेटवर्क कार्ड म्हणवून घेतं आणि प्रोसेसरला न विचारता थेट रॅम वाचतं, केबल जाते शेजारच्या लॅपटॉपला आणि तिथे रडारवर, म्हणजे गेमच्या नकाशावर, आपण सगळे ठिपके. चीट चालतंय दुसऱ्याच मशीनवर, मग गेमच्या पीसीत अँटीचीटला (चीट पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला) सापडणार काय? आयओएमएमयू ऑन असेल तर कार्डाला त्याच्या वाटणीची मेमरी सोडून बाकी काही दिसत नाही. आणि हे फक्त गेमपुरतं नाही, थंडरबोल्टला काहीतरी जोडून लॅपटॉपची रॅम वाचायचे हल्लेसुद्धा यानंच अडतात. दिवसभर काम करून रात्री रँक्ड खेळायला बसायचं आणि समोरचा स्मोकच्या आरपार बघून मारतोय, त्यावर उपाय आलाय तर तोच बंद ठेवा म्हणे.

जुना_रायझन
एकटं आयओएमएमयू मागितलं असतं तर कोण बोललं असतं? पण सोबत टीपीएम (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सही असलेलं सॉफ्टवेअरच बूट होऊ देणारं), व्हीबीएस (विंडोजचा नाजूक भाग वेगळा ठेवणारं) अशी सगळी वरात येते. माझा पहिल्या पिढीचा रायझन (एएमडीचा प्रोसेसर) आहे. झेन २ या नंतरच्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरला मेमरी इंटिग्रिटीसाठी (व्हीबीएसचाच भाग) हार्डवेअरचा आधारच नाही, सगळं सॉफ्टवेअरनं ओढायचं, एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) पडतात ते पडतातच. आणि सिक्युअर बूटसाठी सीएसएम (जुन्या पद्धतीनं बूट करायची सोय) बंद केलं तर विंडोजच उठेना, रीस्टार्ट केलं की परत बायोसचाच स्क्रीन. दुकानदारानं विंडोज एमबीआर (जुन्या मांडणीच्या) डिस्कवर टाकून दिलेली, मला काय स्वप्न पडणारे? त्याला फोन केला तर "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणून पैसे सांगायला लागला.

रडार_नको
@जुना_रायझन फॉरमॅटची काही गरज नाही, डिस्क नव्या जीपीटी मांडणीत नेणारं एमबीआरटूजीपीटी टूल विंडोजमध्येच येतं, सीएसएम परत ऑन करून विंडोज उठव, बॅकअप घे, डिस्क जीपीटी कर आणि मगच सीएसएमला हात लाव. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेव. तुझा राग दुकानदारावर आहे, तो आयओएमएमयूवर काढू नकोस.

रूट_कोणाकडे
धागाकर्ते सोयीस्कर तेवढंच सांगतायत. मागणारा कोण आहे? व्हॅनगार्ड, व्हॅलोरंटचं अँटीचीट. विंडोजसोबत सुरू होणारा कर्नल (विंडोजच्या गाभ्यात बसणारा) ड्रायव्हर. गेनशिन गेमचा अँटीचीट ड्रायव्हर वापरून २०२२ मध्ये रॅन्समवेअरवाल्यांनी (फाईली अडकवून खंडणी मागणाऱ्यांनी) अँटीव्हायरस बंद पाडले, ज्यांनी गेम कधी इन्स्टॉलसुद्धा केला नव्हता त्यांच्या मशीनवर. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं ८५ लाख विंडोज मशीन आडवी झाली, आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटत होते. कर्नलमध्ये बसलेला चुकला की असं होतं. आणि तुम्ही म्हणताय विश्वास ठेवा.

रडार_नको
विश्वास ठेवा असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. व्हॅनगार्ड नको असेल तर काढून टाका, गेम सोडा, तुमचा हक्क आहे. पण आयओएमएमयू म्हणजे व्हॅनगार्ड नाही! ते बायोसमधलं सेटिंग आहे, गेम काढलात तरी तुमच्याच कामाचं.

बी_साइट_होल्ड
धागाकर्त्याला +१. २०१८ ला शांघायच्या स्पर्धेत अ‍ॅडमिन पीसी तपासायला आला तेव्हा ऑप्टिक इंडिया या काउंटर-स्ट्राइक टीमचा खेळाडू फोर्सेकन चीटची फाईल डिलीट करायला धडपडत होता, अख्ख्या जगानं बघितलं. टीम बाद, नंतर लाइनअपच बंद. बाकीच्या चार पोरांचं काय चुकलं होतं? त्यानंतर कितीतरी दिवस परदेशी लॉबीत इंडियन म्हटलं की तोच व्हिडिओ तोंडावर मारायचे. त्यामुळे चीटरला अडवणारं काहीही आलं तरी माझा पाठिंबा.

कॅफेवाला_नगर
नुसतं ऑन करून भागत नाही हो. डिसेंबर २०२५ मध्ये व्हॅलोरंटवाल्या रायट कंपनीनंच सांगितलं की असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि अ‍ॅसरॉक यांच्या काही मदरबोर्डांवर बायोस म्हणतं संरक्षण चालू आहे आणि बूट होताना सुरुवातीला ते प्रत्यक्षात चालूच झालेलं नसतं. तेवढ्या फटीत कार्ड आपलं काम उरकून घेतं. उपाय काय तर बायोस अपडेट. माझ्या कॅफेतल्या प्रत्येक मशीनचा बोर्ड वेगळा, आणि लाईटचा भरवसा नाही. अपडेट अर्ध्यात असताना गेली तर बोर्ड मेला. भरपाई कोण देणार?

दादरकर_०७
इन्व्हर्टर नाही का तुमच्याकडे?

कॅफेवाला_नगर
साध्या इन्व्हर्टरवर चेंजओव्हरच्या क्षणी पीसी रीस्टार्ट होतो, माहिती नसेल तर बोलू नये. यूपीएसच लागतो, आणि त्याची बॅटरी उन्हाळ्यात फुगते.

गुरुवार_पेठी
अवांतर: आमच्याकडे मेंटेनन्ससाठी गुरुवारी लाईट जाते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. बुधवारी रात्री करा अपडेट.

कॅफेवाला_नगर
तुमच्याकडे निदान वार ठरलेला आहे. इथे पाऊस पडला की लाईट गेली, वारा सुटला की गेली, कधी कधी आकाश निरभ्र असताना पण गेली. डीपी उडाला तर वायरमन दुसऱ्या दिवशी.

दादरकर_०७
मग फ्लॅशबॅक बटण असलेला बोर्ड घ्यायचा, अपडेट फसलं तरी पेनड्राइव्हवरून परत बायोस भरता येतं. बोर्ड घेताना पैसे वाचवायचे आणि नंतर रडत बसायचं.

कॅफेवाला_नगर
दादरला बसून शहाणपण शिकवू नका. तासाला पोरं किती देतात माहितीये का? त्यात भाडं, वीजबिल, एसी. बोर्ड काय तुम्ही घेऊन देणार?

जुना_रायझन
बरोबर बोलले कॅफेवाले. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला सगळं "फक्त एक सेटिंग" वाटतं.

रडार_नको
लाईटवर वेगळा धागा काढा, कृपया. आणि ज्याच्या स्क्रीनवर व्हॅनगार्डचा रिस्ट्रिक्शनचा (अट पुरी केल्याशिवाय खेळता येणार नाही असा) मेसेज आलेला नाही त्याला आज लगेच बायोस अपडेट करायची सक्ती कोणीच केलेली नाही. अपडेट नंतर सावकाश करा, सेटिंग तर आज ऑन करा! एएमडीवाल्यांनी अ‍ॅडव्हान्स्डमध्ये एएमडी सीबीएस, त्यात एनबीआयओ. तिथे आयओएमएमयू बहुतेक "ऑटो"वर असतं, ते "एनेबल्ड" करा, ऑटोवर विसंबू नका. काही बोर्डांवर मेनू वेगळीकडे असतो, सर्च करा. इंटेलवाल्यांनी व्हीटी-डी (इंटेलचं आयओएमएमयू) शोधा. मग विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ (सिस्टिमची माहिती दाखवणारं टूल) उघडून कर्नल डीएमए प्रोटेक्शनच्या ओळीत काय लिहिलंय ते इथे टाका.

रूट_कोणाकडे
एवढं मान्य की आयओएमएमयू ही वेगळी गोष्ट आहे, माझ्या लॅपटॉपवर मी ते आधीपासून ऑन ठेवलंय. व्हॅनगार्ड मात्र माझ्या मशीनवर येणार नाही.

जुना_रायझन
केलं एनेबल्ड. एफपीएसमध्ये फरक नाही, खरंय. त्या ओळीत अजून "ऑफ"च आहे पण. व्हीबीएसला हात लावणार नाही, आत्ताच सांगतो.

रडार_नको
@जुना_रायझन बोर्डाचं मॉडेल आणि बायोसचा व्हर्जन नंबर टाक.