मदत हवी आहे: नाट्यसंगीतावरच्या लेखांत मूळ गाण्याचे तुकडे वापरता येतील का?

मंडळी, नमस्कार.

गाणं शिकणाऱ्या मुलांसाठी आम्ही काही मैत्रिणी नाट्यसंगीतावर लेखमाला लिहितोय. साइट फुकट आहे, जाहिराती नाहीत. अडचण अशी की "इथे मींडेनं (न तोडता सुरावरून सुरावर सरकत) खाली येऊन सम (तालाची पहिली मात्रा) गाठली आहे" असं कितीही छान लिहिलं तरी ऐकवल्याशिवाय मुलांच्या डोक्यात काही शिरत नाही. म्हणून मजकुराच्या मधे मधे दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे टाकायचे आहेत.

सध्या तीन पदं ठरली आहेत: 'स्वयंवर'मधलं (१९१६) बालगंधर्वांचं 'नाथ हा माझा', जुन्या तबकडीवरून, 'कुलवधू'मधलं (१९४२) ज्योत्स्नाबाई भोळ्यांचं 'बोला अमृत बोला', आणि 'कट्यार काळजात घुसली'मधलं (१९६७) 'घेई छंद', त्याच्या दोन्ही चाली शेजारी-शेजारी ठेवून.

"३० सेकंदांच्या आत असलं की कॉपीराइट लागत नाही" असं जो तो छातीठोकपणे सांगतो. कायद्यात मला हे कुठेच सापडलं नाही. जाणकारांनी जरा उलगडून सांगाल का?

– तानपुरेवाली

जुनी तबकडी:
ते ३० सेकंद बहुधा इंग्रजी विकिपीडियावरून आले असावेत. मूळ लांबीच्या १० टक्के किंवा ३० सेकंद, यातलं जे कमी ते, असा त्यांचा स्वतःच्या घरचा नियम आहे. कायदा नव्हे. शिवाय मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांची, म्हणजे हाती लागतात १८-२० सेकंद. त्यात मुखडा घ्या नाहीतर तान घ्या, दोन्ही बसायची नाहीत!

कलम बावन्न:
तानपुरेवाली ताई, सेकंद मोजण्याआधी हक्क कुणाकुणाचे आहेत ते मोजा. एका गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण असे तीन वेगळे कॉपीराइट असतात. आपल्या १९५७च्या कायद्यात शब्द आणि चालीचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. दोन्हीकडे मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून.

'स्वयंवर': पद लिहिणारे खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली, आणि बालगंधर्वांची तबकडी तर हक्कातून कधीच सुटली. अख्खं पद लावा, कुणाला विचारायची गरज नाही.

'कुलवधू' फसवं आहे. त्या काळातली तबकडी मोकळी, पण चाल मास्टर कृष्णरावांची आणि ते गेले १९७४ साली. म्हणजे चालीवर २०३४ अखेरपर्यंत हक्क. "जुनं आहे, घ्या बिनधास्त" म्हणणारे इथेच गोत्यात येतात.

'कट्यार'चं तर तिन्ही बाजूंनी शिल्लक आहे. चाल देणारे अभिषेकीबुवा १९९८ साली गेले, म्हणजे नुसती चालच २०५८ पर्यंत.

उरलेल्या दोन पदांसाठी आधार कलम ५२(१)(क)चा, म्हणजे समीक्षेसाठी केलेल्या 'फेअर डीलिंग'चा (परवानगीशिवाय चालणाऱ्या रास्त वापराचा). तिथे सेकंदांचा आकडा नाही. तुकडा काढला तर तुमचं विवेचन लंगडं पडतं का, आणि तो ऐकून कुणाची मूळ गाणं विकत घ्यायची इच्छा मरते का, हे बघितलं जातं. 'घेई छंद'च्या दोन चालींची तुलना ही माझ्या मते तुमची सगळ्यांत भक्कम बाजू, कारण तिथे विषयच तो आहे. लेखाच्या माथ्यावर वातावरणनिर्मितीसाठी वाजणारा तुकडा मात्र पाच सेकंदांचा असला तरी मला नको वाटेल.

शिक्षकांना वेगळी सूट आहे, पण ती 'अध्यापनाच्या ओघात' केलेल्या वापरासाठी. कुणालाही उघडता येणारा लेख त्यात बसवायला जाऊ नका.

जुनी तबकडी:
२०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका वाहिनीच्या बाजूने निकाल दिला होता ना? मुलाखतीत गायिकेने स्वतःच्याच गाण्यांच्या चार ओळी म्हटल्या होत्या.

कलम बावन्न:
हो, इतक्या क्षुल्लक वापराची कायदा दखल घेत नाही, या मुद्द्यावर. पण ती तिने तिथेच गायलेली ओळ होती, कंपनीच्या ध्वनिमुद्रणातून कापून घेतलेली नव्हे.

तानपुरेवाली:
बापरे, 'कुलवधू'चं मी नेमकं उलटं धरून चालले होते. आभार दोघांचेही. आणखी एक: 'घेई छंद'ची ओळ आमच्यातल्याच कुणी गाऊन ठेवली तर सुटका होईल का?

कलम बावन्न:
अर्धी. कंपनीच्या ध्वनिमुद्रणाचा प्रश्न मिटतो, शब्द आणि चालीचा तसाच राहतो. तिथे पुन्हा समीक्षेचाच आधार. पण मींड कुठून कुठे जाते एवढंच दाखवायचं असेल तर ओळ कशाला हवी? नुसते सूर 'आ'कारात गाऊन दाखवा आणि मूळ तुकडा जिथे गायकीचीच चर्चा आहे तिथेच ठेवा. गीतकार, संगीतकार, गायक आणि तबकडीचं साल तुकड्याखालीच लिहा. यूट्यूबवर टाकलात तर यंत्राकडून आपोआप कॉपीराइटचा दावा (क्लेम) येऊ शकतो. तो म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे, 'स्वयंवर'वर आला तर हरकत नोंदवायला बिचकू नका.