जुनी लेझर होडी घेताना आधी डोलकाठीची खोबण बघा

धोम धरणाच्या पाण्यावर चालवायला जुनी लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची शिडाची छोटी होडी, घ्यावी का, असं वाईच्या एका दादांनी इथे विचारलंय आणि उत्तर देणारे सगळे शिडाचंच बोलताहेत. अहो, शीड नवं मिळतं! मेख आहे डोलकाठी बसते त्या खोबणीत. ती पाण्याने काठोकाठ भरा, अर्ध्या तासाने बघा. पातळी उतरली तर पाणी आत झिरपतंय, आणि जोराच्या वाऱ्यात डेक, म्हणजे होडीचा वरचा पृष्ठभाग, तिथूनच फाटतो. खोबणीभोवती अंगठ्याने दाबतही जा. पापडासारखं कुरकुरलं तर सरळ नमस्कार करून निघा.

मग वजन. नुसती होडी 59 किलोच्या आसपास हवी. गुळाच्या अडत्याचा काटासुद्धा चालेल, लोक हसले तर हसू देत. चार-पाच किलो जास्त भरली तर आत पाणी मुरलंय, वेगाला मार बसणारच. ‘शर्यत जिंकलेली आहे’ म्हणून कुणी भाव चढवला तर कोण चालवत होतं ते विचारा.

तुमचं वजन साठ-पासष्ट किलो असेल तर नेहमीच्या 7.06 चौरस मीटरच्या शिडाऐवजी रेडियलचं, म्हणजे लेझरच्याच लहान शिडाच्या प्रकाराचं, 5.76 चौरस मीटरचं शीड घ्या. होडी तीच, फक्त डोलकाठीचा खालचा तुकडा आखूड. डोंगरातल्या झोताच्या वाऱ्यात तेच आवरेल.

आणि किमतीत ट्रॉली धरलीय ना? मुंबईहून खंबाटकी चढवून आणायचा टेम्पो वेगळाच.