‘ते सगळं आफ्रिकेत हो!’

निळावंती:
एका ग्रुपवर फिरत आलेला लेख वाचून डोकं फिरलंय. लेखकमहाशयांचं म्हणणं थोडक्यात असं: मुलींची खतना (जननांगाचा भाग कापणं) ही आफ्रिकेतल्या मागास टोळ्यांची भानगड, आपल्याकडे बोहरा समाजात होतं ते नुसतं टोचल्यासारखं, करणाऱ्या बायका, करवून घेणाऱ्याही बायका, तेव्हा बाहेरच्यांनी नाक खुपसू नये. तिथे उत्तर लिहिलं तर ॲडमिनने ‘नाजूक विषय’ म्हणून उडवलं. म्हणून इथे लिहितेय, आणि लांबण लागणार आहे.

मागास टोळ्या म्हणजे कोण? इजिप्तमध्ये 2008 पासून हा गुन्हा आहे, 2021 मध्ये शिक्षा आणखी वाढवली, आणि तरी तिथे बहुतेक मुलींवर हे करतात ते डॉक्टर. पदवीवाले. इंडोनेशियात सरकारनेच 2013 मध्ये पाहणी केली, तर अकरा वर्षांपर्यंतच्या जवळपास निम्म्या मुली खतना झालेल्या निघाल्या. युनिसेफचा 2024 चा आकडा आहे 31 देशांत मिळून 23 कोटींहून जास्त खतना झालेल्या मुली-बायका, त्यातल्या सुमारे 8 कोटी आशियातल्या. या 31 मध्ये भारत नाही, कारण इथे कुणी मोजलेलंच नाही. डिसेंबर 2017 मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने सुप्रीम कोर्टाला सांगितलं की असं काही होतं याला दुजोरा देणारी अधिकृत आकडेवारी किंवा अभ्यास नाही. आपणच मोजायचं नाही आणि आपणच आकडा नाही म्हणून हात झटकायचे!

आणि ‘करवून घेणाऱ्या’? सात वर्षांची पोर काय करवून घेते? आजी नाहीतर मावशी खाऊचं आमिष दाखवून नेते आणि कुठे बोलायचं नाही म्हणून बजावते. किती बोहरा बायकांनी हे स्वतःच्या नावानिशी लिहिलंय.

तिरपागडा:
बायकाच बायकांच्या वैरी. विषय संपला. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

हिशेबनीस:
निळावंती, चीड समजते, पण विदा, म्हणजे डेटा? 80 टक्के बोहरा बायकांची खतना झालेली असते, हा आकडा ‘भारतातलं प्रमाण’ म्हणून सगळीकडे फिरतो. ‘सहियो’ या खतनाविरोधी संस्थेची ऑनलाइन पाहणी होती ती, जगभरच्या 385 दाऊदी बोहरा बायका, एकीने दुसरीला पाठवलेली लिंक. ज्यांना बोलायचं असतं त्याच बोलतात. सोमालियात 99, गिनीत 95 म्हणतात ते घरोघर जाऊन, रीतसर नमुना काढून. दोन्ही आकडे एका पंगतीला बसवू नका. या देशात कुणीही गूगल फॉर्म फिरवतो आणि त्याला अभ्यास म्हणतो. मी वीस वर्षं याच धंद्यात काढली आहेत, माझं रक्त उकळतं.

निळावंती:
80 मी कुठे लिहिलंय? शोधून दाखवा.

हिशेबनीस:
तुम्ही नाही लिहिलं, पुढचा कुणीतरी लिहिणारच होता.

रातराणी:
हिशेबनीसकाका, मग रीतसर मोजायला सांगा ना सरकारला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईला घरात शिरून विचारतात, नवऱ्याने मारलं तर योग्य वाटतं का. हा एक प्रश्न घालायला कागद कमी पडतो?

तिरपागडा, तुमच्या सुविचाराबद्दल. गिनीत ‘हे थांबवा’ म्हणणारे पुरुष बायकांपेक्षा जास्त निघाले होते. आनंद झाला? आता पुढचं वाचा. जिथे न कापलेल्या मुलीला स्थळच येत नाही, तिथे एकट्या आईने नाही म्हणणं म्हणजे मुलीला वाळीत टाकून घेणं. पुरुषाला मत द्यायला काय जातंय? म्हणूनच सेनेगलमध्ये 1997 ला मालिकुंडा बांबारा गावाच्या बायकांनी एकट्यादुकट्याने नाही, गावाने मिळून जाहीर केलं की आम्ही सोडतोय, आणि नंतर आजूबाजूच्या गावांनी तेच केलं, कारण सोयरीक त्याच गावांत होते.

रिदावाली:
मी दाऊदी बोहरा. मराठी माध्यमात शिकले, इथे बरीच वर्षं नुसती वाचते. आज राहवलं नाही. आमच्यात खफ्ज म्हणतात आणि ती ताहारतची, म्हणजे शुद्धतेची, बाब आहे, मुलाची असते तशीच मुलीची. माझंही झालं. संसार झाला, मुलं झाली, कसला त्रास नाही. सोमालियात कापून योनीमार्ग शिवून टाकतात त्याच्याशी आमचं नाव जोडता, मग आमच्या मुली शाळेत काय तोंड दाखवतील? आमच्या बायकांची संघटनाही कोर्टात बाजू मांडायला उभी राहिली. त्या तुम्हाला दिसत नाहीत, कारण त्या तुमच्या मनासारखं रडत नाहीत.

निळावंती:
ताई, तुमच्या शाळकरी मुलींच्या नावाने मी कधीच काही बोलणार नाही. पण एक विचारते. 2016 च्या सुमारास परदेशातल्या कित्येक बोहरा जमातींनी पत्रकं काढली की इथला कायदा पाळा, खफ्ज करू नका. सिडनीतला बोहरा मुलींच्या खतनाचा खटला गाजत होता तेव्हा. मग तिथल्या मुलीची ताहारत त्याशिवाय राहते आणि इथलीची मोडते, हे कसं? त्याच खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च कोर्टाने 2019 मध्ये सांगितलं की इजा थोडी असली तरी गुन्हाच.

रिदावाली:
परदेशात मजबुरी असते. मजबुरीला धर्मात सूट आहे. एवढं तरी समजून घ्या.

साधा_माणूस:
मुलांची सुंता चालते का मग सगळ्यांना? की तिथे मानवाधिकार सुट्टीवर?

स्टेथोस्कोप:
आला! प्रत्येक धाग्यावर हा येतोच. अहो, जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये पुरुषांच्या सुंतेची शिफारस केली ती दक्षिण आफ्रिका, केनिया, युगांडातल्या चाचण्यांवरून. एचआयव्हीचा धोका साधारण 60 टक्क्यांनी कमी झाला. मुलींच्या बाबतीत असा एक फायदा आजवर कुणी दाखवलेला नाही. उलट सहा आफ्रिकी देशांतल्या 28 हजारांवर बाळंतिणींचा अभ्यास 2006 मध्ये आला, त्यात आई आणि बाळ दोघांचा धोका वाढलेला दिसला.

मी आखातात नोकरीला होते. एक सुदानी पोरगी पहिलटकरीण म्हणून आली. शिवलेलं आधी उघडल्याशिवाय बाळ येणं शक्य नव्हतं. बाळ रडलं, सगळ्यांनी श्वास सोडला, आणि सासू मला म्हणाली, आता पूर्वीसारखं शिवून द्या. मी नाही म्हटलं, तर ती नर्सकडे पैसे घेऊन गेली. ती काही दुष्ट बाई नव्हती हो, रात्रभर सुनेचे पाय चेपत बसली होती.

साधा_माणूस:
डॉक्टर, किस्सा वाईट आहे, पण उत्तर नाही. त्या चाचण्या कळत्या वयाच्या पुरुषांवर झाल्या, त्यांच्या सहीने. आठ दिवसांच्या बाळाची सही कुठाय? कोलोनच्या कोर्टाने 2012 मध्ये याला शारीरिक इजा म्हटलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात जर्मन संसदेने कायदा करून परवानगी देऊन टाकली. धर्माचा दबाव आला की सगळे गार.

बशीर_मास्तर:
माझी सहाव्या वर्षी झाली. नवे कपडे, हार, गल्लीभर मिठाई. मला काही झालं नाही. तुमच्या सहानुभूतीची गरज नाही.

साधा_माणूस:
‘मला काही झालं नाही’ हेच रिदावालीताईंनी लिहिलं. त्यांचं चुकीचं आणि तुमचं बरोबर?

बशीर_मास्तर:
मी त्यांना चूक म्हटलं? तुम्हाला ना मुलींची पडली आहे, ना बाळांची. तुम्हाला आमच्यावर दुगाण्या झाडायच्या आहेत. तुमची इतर पोस्ट काढून दाखवू का?

साधा_माणूस:
काढा. हिंदूंच्या जत्रांवरही मी असंच लिहिलंय, तेव्हा तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्यात.

तिरपागडा:
दुसरं पाकीट फोडलं.

स्टेथोस्कोप:
लहान मुलाला विचारावं हा मुद्दा बरोबर आहे, घ्या, दिला. खूश? पण मुलाची सुंता नातेवाईक बोलावून, वाजतगाजत. मुलीची गपचूप. कशासाठी, तर हिची इच्छा आवरायला. इथेच दोन्ही वेगळं होतं.

रिदावाली:
इच्छा आवरायला हे तुमच्या डोक्यातलं. आम्हाला तसं कुणी शिकवत नाही.

नाव_नको:
मला शिकवलं. ‘हराम की बोटी’, म्हणजे पापाचा मांसाचा तुकडा, हे शब्द माझ्या आजीच्या तोंडचे आहेत. दोन दिवस बघतेय, विषय मुलींचा आणि भांडताहेत पुरुष स्वतःच्या सुंतेवर.

मीही त्याच समाजातली. मला ती दुपार आठवते, पण ती इथे लिहिणार नाही. सांगायचं आहे ते पुढचं. माझ्या मुलीची वेळ आली तेव्हा मी नाही म्हटलं. नवरा गप्प बसला, म्हणजे माझ्या बाजूने. सासूबाईंना सांगितलं की झालं, माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडून करून घेतलं. त्यांनी मिठाई वाटली. माझ्या नणंदेनेही असंच केलं असावं, पण आम्ही दोघी कधी विचारणार नाही एकमेकींना. हिशेबनीस, तुमचा माणूस नमुना काढून घरी आला आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असल्या, तर मी ‘झालं’ म्हणेन. बाहेर पोलिसाने विचारलं तर ‘आमच्यात असलं काही नाही’ म्हणेन. घ्या लिहून.

हिशेबनीस:
हे खरं आहे, आणि मला आवडलेलं नाही. केनियात खतना झालेल्या बायका 1998 ला 38 टक्के होत्या, ते प्रमाण 2022 ला 15 वर आलं. मी हा आकडा छाती ठोकून सांगत आलोय. त्यातही 2011 च्या बंदीच्या कायद्यानंतर कोण भीतीने खोटं बोललं ते कसं वेगळं काढायचं? बरं, 80 मी तरीही मानणार नाही. पण मंत्रालयाचं ‘पुरावा नाही’ही रद्दीत टाका.

रिदावाली:
नाव_नको, तुम्ही सासूशी खोटं बोललात. मी माझ्या सासूशी बोलू शकले नसते. एवढंच म्हणते. तुम्ही बरोबर होतात असं मी म्हटलेलं नाही.

रातराणी:
कोर्टाचं काय झालं ते कुणी लिहिलंच नाही. खतनावर बंदी मागणारी 2017 ची याचिका, 2018 मध्ये पाच न्यायाधीशांकडे, 2019 च्या नोव्हेंबरात शबरीमलासोबत बांधून आणखी मोठ्या पीठाकडे. याचिका आली तेव्हा सात वर्षांची असलेली मुलगी 2028 ला मतदार होईल. गांबियात उलट बंदी उठवायचं विधेयक आलं होतं, ते तरी जुलै 2024 मध्ये संसदेने फेटाळलं.

साधा_माणूस:
मुलांच्या सुंतेचा वेगळा धागा काढला आहे. बशीर मास्तर, तिथे या.

बशीर_मास्तर:
आलो. जुनी पोस्ट घेऊनच आलोय.