बाळ गेलेल्या बाईला ओटीभरणाचं बोलावणं द्यायचं की नाही?

आर्वीकडची
श्रावण लागला. दर शुक्रवारी भिंतीवर जिवतीचा कागद, पुरणाचे दिवे, लेकरांना ओवाळणं. मग पोळ्याच्या दिवशी पिठोरी आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. ज्या घरात पाळणा हललाच नाही, किंवा हलायच्या आत थांबला, त्या घरातल्या बाईला हा महिना फार लांब जातो. त्यातल्या एका नेमक्या गोष्टीवर मला तुमचं मत हवं आहे.

माझं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. गावाने मला छळलं असं मी म्हणणार नाही. उलट इतकं जपलं की शेजारच्या सुनेचं ओटीभरण मला मांडवातल्या गाण्यांवरून कळलं. बोलावणं आळीतल्या सगळ्या घरांना गेलं, आमचं दार तेवढं सुटलं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुले वाईट वाटन म्हणून नाही सांगतलं तिनं."

माझं म्हणणं सरळ आहे. बोलावणं द्या. यायचं की नाही, ते माझं मी ठरवीन. आठवण करून देणाऱ्या गोष्टी तशाही कुणाला टाळता येतात? वावराचा रस्ता अंगणवाडीसमोरूनच जातो. वजनाच्या दिवशी काट्याला झोळी टांगलेली असते, आत कुणाचं तरी लेकरू हातपाय झाडत असतं. एसटीत शेजारी बसलेली बाई गावाचं नाव विचारायच्या आधी "लेकरं किती?" विचारते. आणि बाळ गेलं तरी दूध उतरतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी आले, मागच्या अंगणात कुणाचं तान्हं रडलं, आणि माझं पोलकं पुढून भिजलं. मी भांडी घासत होते, तशीच उठून आत गेले. हे सगळं मी सोसतेच आहे. मग एक बोलावणं टाळून नेमकं काय वाचवलं माझं?

वर्धाकाठ
ताई, तुमचं दुःख मोठं आहे, पण मी न बोलावण्याच्या बाजूची आहे.

तुम्ही म्हणता ठरवू द्या. गावात बोलावणं आल्यावर "नाही" म्हणायची सोय असते का? माझ्या नणंदेचे लागोपाठ गर्भ पडले. त्यानंतर भावकीत एक ओटीभरण होतं. तिला बोलावणं गेलं, ती आली. का आली? नाही आली असती तर बायकांनी म्हटलं असतं, दुसरीचं बरं हिला पाहवत नाही. हिरवं लुगडं नेसून, हसत, सगळ्यांना पाणी देत फिरली आणि घरी जाऊन दोन दिवस अंथरुणातून उठली नाही. शहरात कामाचं निमित्त सांगता येतं. आमच्याकडे कोण कुठे गेलंय हे चौकातल्या पानठेल्यावरही माहीत असतं. म्हणून बोलावणंच न देणं बरं. तिला नाही म्हणावं लागत नाही, आणि कुणाच्या तोंडी तिचं नाव येत नाही.

सोयाबीनवाला
मी बाप्या माणूस, पण बोलतो. आमच्या लग्नाला लय वर्सं झाली, लेकरू नाही. तान्ह्या पोळ्याले पोट्टे लाकडी बैल घेऊन दारोदार येतात. मी दरसाल बोजाऱ्याचे सुट्टे पैसे काढून ठेवतो. मागच्या साली पोट्टे शेजारच्या दारापर्यंत आले अन् वळून गेले. त्याईच्या मायनं सांगतलं होतं, तिकडं जाऊ नोका, काकूले वाईट वाटते. काकूनं सकाळपासून ताटात कुंकू, हळद, खाऊ मांडून ठेवला होता. बैलाची पूजा कराची होती तिले. ते ताट तसंच राह्यलं.

हे जपणं नाही. आमचं घर गावातून काढून टाकल्यासारखं वाटते.

अन् आणखी एक. पारावर मले रोज इचारतात, "काय बाप्पा, काही खबर?" बायकोले तर धा दवाखाने दाखवले. मले एकानंही म्हटलं नाही का तूबी तपासून घे. शेवटी मीच अमरावतीले गेलो. दोष माह्यात निघाला. गावात अजूनबी नाव तिचंच घेतात.

काकू, दर्यापूर
माझं बोलणं कुणाला टोचेल, तरी सांगते. ओटी लेकुरवाळीने भरायची, ही आपली रीत आहे. त्यात कुणाचा अपमान नाही. जिची ओटी भरतात तिच्या जिवाचाही विचार करा. माझी सून सहाव्या महिन्यात आहे. शेजारच्या गावात कुणाचं बाळ दगावलं हे कानावर आलं तरी तिला रात्री झोप लागत नाही. तिच्यासमोर तशीच बाई येऊन बसली तर ती घाबरणार नाही का? ही अंधश्रद्धा नाही, पोटुशीचं मन आहे. दोघींनाही त्रास होणार असेल तर समोरासमोर आणायचं कशाला?

आर्वीकडची
काकू, तुमच्या सुनेची भीती मला पूर्ण कळते. मीही तशीच झोपत नव्हते.

पण तुमच्या घरी पिठोरीची कहाणी वाचत असतील. कुणाची आहे ती? श्रावणी अमावस्येला, घरच्या श्राद्धाच्या दिवशी, सहा वर्षं जिचं मूल जन्मून गेलं त्या सुनेची. सातव्या वर्षी सासरा ते मेलेलं मूल तिच्या ओटीत घालतो आणि रानात हाकलतो. तिथे तिला देवी भेटतात, तिची मुलं तिला परत मिळतात, आणि पुढे ती वाण घेऊन घरी येते. पिठोरीला आई डोक्यावर वाण धरून "अतीत कोण?" विचारते आणि लेकरू मागून "मी" म्हणतं, ते तिच्याच गोष्टीतून आलं आहे. लेकुरवाळ्यांचं हे व्रत अशा बाईच्या नावाने चालतं. मग ती पंगतीत बसली तर विघ्न कसं?

आशाताई, यवतमाळ जिल्हा
दोन्ही बाजू मी रोज पाहते, म्हणून थोडं कामाचं बोलते.

आधी दूध. बाळ गेल्यावरही दोन ते चार दिवसांत दूध उतरतं, कारण वार बाहेर पडली की शरीर तो इशारा देतंच. कपड्याने करकचून बांधू नका, चोळू नका. मापाची घट्ट बॉडी घाला, थंड पाण्याच्या घड्या ठेवा, फार दाटलं तर आराम पडेल इतकंच काढा. सगळं काढलं तर पुन्हा भरतं. ताप आला, गाठ लाल झाली, अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात. आमच्या घरभेटी नवजात बाळासाठी ठरवलेल्या आहेत. बाळ नसलं की त्या घरी जायचं कारण कागदावर उरत नाही. मी तरी जाते, कारण बाळंतीण तर तिथे आहेच.

मग फोन. किलकारी, म्हणजे गरोदर बाईला आणि आईला सरकारकडून फोनवर येणारे आवाजी संदेश, २०२४ पासून महाराष्ट्रातही आहे. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ संदेश. बाळ गेल्याची नोंद झाली की ते थांबतात, म्हणून घरच्यांनी लवकर आशाला किंवा सिस्टरला सांगावं. बाईला त्या आवाजाने पुन्हा मोडायला लावू नका. मेलेल्या जन्माचीही नोंद १९६९ च्या कायद्याप्रमाणे २१ दिवसांत होते. गावात ग्रामपंचायतीत, दवाखान्यात झालं असेल तर दवाखाना कळवतो. काही आयांना तो कागद हवा असतो. बाळ होतं, एवढं तरी लिहिलेलं राहतं.

आणि हे फार मोजक्यांना होतं असं समजू नका. गरोदर असल्याचं कळल्यानंतरही शंभरात दहा-पंधरा गर्भ पडतात. मूल न होणं तर जगात साधारण सहातल्या एका माणसाच्या वाट्याला कधी ना कधी येतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. तुमच्या ओटीभरणाला आलेल्या बायकांत अशा असतातच, सांगत नाहीत एवढंच. गर्भ पडला तर नोकरीवालीला कायद्याने सहा आठवडे पगारी रजा आहे. निंदणाला जाणारीला कोण रजा देतं? ती चौथ्या दिवशी वावरात, आणि शेजारच्या तासात तिला कुणीतरी विचारतंच.

बोलावण्याचं म्हणाल तर द्या. पण पोराच्या हाती निरोप नको, चार बायकांत नको. एकटीने तिच्या घरी जा आणि सांगा, "यावंसं वाटलं तर ये. नाही आलीस तर माझ्या मांडवात तुझ्याबद्दल कुणी बोलणार नाही, ते मी पाहीन." जबाबदारी बोलावणारीने घ्यायची.

वर्धाकाठ
आशाताई, पटण्यासारखं आहे, पण एक यजमानीण पन्नास तोंडं धरू शकत नाही. मांडवात गप्प बसतील, विहिरीवर बोलतील. त्याचं काय?

आशाताई, यवतमाळ जिल्हा
विहिरीवरचं माझ्या हातात नाही. मांडवातलं आहे, तेवढं करते.

निनावी, चांदूर रेल्वेकडची
आर्वीच्या ताईंपेक्षा माझं उलटं आहे. मला बोलावू नका.

माझं मूल गेलं नाही, कधी राहिलंच नाही. तुमच्याकडे निदान लोक हळहळतात. माझ्यासाठी हळहळायला कुणाकडे काही नाही, फक्त उपाय आहेत. या बाबाला जा, त्या देवीला नारळ फोड, दत्तक का घेत नाही. ओटीभरणात दर बाई एक नवा उपाय सांगते आणि मी मान हलवते. ज्या खोलीत सगळ्यांची नजर माझ्या पोटावर येणार आहे तिथे मला जायचं नाही, आणि बोलावणं आलं की सासू नेतेच.

पण याचा अर्थ मला विसरा असा नाही. वेचणीला हाक मारा. हुरड्याला बोलवा. भुलाबाईची गाणी म्हणायला मला येतं, लहानपणापासून येतं, तिथे बोलवा. बारशाच्या पंगतीत वाढायला मी येईन, कारण हाताला काम असलं की कुणी काही विचारत नाही. नुसतं बसायला बोलावू नका.

आर्वीकडची
ताई, म्हणजे तुमच्या माझ्यात फरक आहेच. मला रिकामं बसायला चालतं, तुम्हाला नाही. मग गावाने सगळ्यांसाठी एकच रीत काढण्यापेक्षा एकेकीला एकदा एकटं गाठून विचारावं, आणि ती सांगेल ते लक्षात ठेवावं. दर सणाला पुन्हा पुन्हा विचारून तिला पुन्हा पुन्हा उत्तर द्यायला लावू नये.

काकू, दर्यापूर
पिठोरीचं तुम्ही म्हणालात ते मी नाकारत नाही. पण सुनेची ओटी मी लेकुरवाळीच्याच हातून भरणार, ते बदलणार नाही. बाकी ज्यांना यायचं त्यांनी यावं, पंगतीत बसावं. सुनेला आधी सांगून ठेवीन, म्हणजे ती घाबरणार नाही.

सोयाबीनवाला
काकू, पंगतीत बसवता अन् ओटीले हात लावू देत नाही, तर माह्या बायकोले तिथं बसून काय कराचं? ते मले नाही पटत. तान्ह्या पोळ्याचं मात्र या साली मीच पोट्ट्याच्या मायले घरोघरी जाऊन सांगणार हाव. आमचं दार सोडू नोका.