बेसबॉलमधे एवढा मोठा स्टार मिळत असताना टीम नको कशी काय म्हणते?

बांगडा_फ्राय (मालवण): मामेभाऊ न्यू जर्सीला असतो, कट्टर यांकीजवाला (न्यूयॉर्कची टीम), त्याच्या नादाने मला पण बेसबॉल बघायची सवय लागली, म्हणजे पावसात लाईट आणि रेंज दोन्ही असेल तेव्हा. दर जुलैत बघतो, अमका स्टार ट्रेडला (अदलाबदलीला) आहे म्हणून नुसती बोंबाबोंब आणि शेवटी अर्ध्या टीम मागे सरतात. पैसा तर रग्गड आहे. आपल्या मुंबईने २०२३ ला हार्दिकला गुजरातकडून पैसे मोजून घेतलाच ना? मग हा कंजूसपणा की आणखी काय?

देवगडकर: हार्दिक घेऊन २०२४ ला मुंबई शेवटून पहिली आली ते सोड 😄
तिथे नुसते पैसे फेकून स्टार मिळत नाही रे, बदल्यात खेळाडू द्यावे लागतात आणि समोरच्याला हवी असतात मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या लीगमधे तयार होत असलेली कोवळी पोरं. मेजर लीगमधे सहा वर्षं सर्व्हिस भरली की खेळाडू फ्री एजंट होऊ शकतो, म्हणजे हव्या त्या टीमकडे जायला मोकळा, मग ज्याचं शेवटचं वर्ष चालू आहे त्याला जुलैअखेर घेतलास तर ऑगस्ट, सप्टेंबर आणि झालंच तर प्लेऑफ, एवढाच तो तुझा. म्हणजे एका सीझनचा आंबा करारावर घ्यायचा आणि बदल्यात आपली कलमं कायमची लिहून द्यायची.
१९८७ ला डेट्रॉइटने हेच केलं. डॉयल अलेक्झांडर नावाचा पिचर (बॉल टाकणारा) आणला, त्याने ९ मॅच जिंकल्या, एक पण हरला नाही, डिव्हिजन (आपला गट) जिंकली. मग प्लेऑफमधे दोन्ही वेळा मार खाल्लान आणि टीम बाहेर. बदल्यात दिलेला २० वर्षांचा पोरगा कोण, तर जॉन स्मोल्ट्झ. तो अटलांटाकडून वीस सीझन खेळला आणि २०१५ ला हॉल ऑफ फेममधे गेला.

कुडाळचो_झील: सगळा खरा, पण कलमां सांभाळीत बसलास तर कप कधी जिंकतलास? २०१६ ला शिकागो कब्जने यांकीजच्या चॅपमन या पिचरसाठी ग्लेबर टोरेस दिला, चांगला पोरगा होता, नंतर ऑलस्टार झाला. चॅपमन तर हिवाळ्यात परत यांकीजकडे गेला पण. तरी १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज (फायनल) जिंकली, शिकागोत कोण रडतंय त्या ट्रेडवर?

देवगडकर: अरे पण ते जिंकले म्हणून. हरले असते तर?
आणि टॅक्स विसरू नको. २०२५ ला टीमच्या एकूण पगाराची मर्यादा २४१ मिलियन डॉलर होती, वर गेलास की जादा रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०, आणि फारच वर गेलास तर त्यावर आणखी भुर्दंड. त्यात सीझनच्या मधे आणलेला खेळाडू सोडून गेला तर भरपाई म्हणून ड्राफ्ट पिक (नवीन पोरगा निवडायचा हक्क) पण मिळत नाही.

बांगडा_फ्राय (मालवण): ओके, आता जरा डोक्यात शिरलं. मग घेतल्या घेतल्या लांबचा करार का नाही करून टाकत?

देवगडकर: करतात ना, डॉजर्सनी २०२० च्या फेब्रुवारीत मुकी बेट्सला आणला आणि जुलैत १२ वर्षांचा ३६५ मिलियनचा करार केला. पण खेळाडू तयार पाहिजे. हुआन सोटोने वॉशिंग्टनचे ४४० मिलियन नाकारले, मग त्यांनी २०२२ ला त्याला सॅन डिएगोला दिला, सॅन डिएगोने २०२३ च्या शेवटी यांकीजला दिला, यांकीजकडे तो एकच सीझन थांबला. तुझ्या मामेभावाला विचार, वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले, हरले आणि हा न्यूयॉर्कच्याच मेट्सकडे ७६५ मिलियनला.

बांगडा_फ्राय (मालवण): नको रे, मागच्या वेळी सोटोचं नाव काढलं तर फोनच ठेवलान त्याने