प्रतिसाद: मोर्स तक्ता पाठ करून शिकू नका

वर निपाणीच्या मित्रांनी विचारलंय की मोर्सचा, म्हणजे छोट्या (टिंब) आणि लांब (रेघ) आवाजांनी अक्षरं पाठवायच्या लिपीचा, टिंब-रेघांचा तक्ता आधी पाठ करावा का. माझं मत स्पष्ट आहे, नको. तक्ता डोळ्यांत बसतो आणि वेग वाढला की हात अडतो. अक्षर कानानंच शिका. आपल्या बेळगाव भागात रस्त्यावर गाड्यांच्या नंबरपाट्यांवर सराव लिहिलेलाच आहे: 'के ए २२'. टिंबाला 'डि' म्हणायचं, रेघेला 'डा'. के म्हणजे डा-डि-डा, ए म्हणजे डि-डा, दोन म्हणजे डि-डि-डा-डा-डा. बसस्टँडवर उभं राहून पाट्या पुटपुटा, आठवड्यात फरक जाणवतो बघा.

पाठवताना खरी कसोटी मोकळ्या जागेची, म्हणजे आवाजांमधल्या शांततेची. रेघ तीन टिंबांएवढी, अक्षराच्या आत एका टिंबाची जागा, दोन अक्षरांत तीन, दोन शब्दांत सात. नवशिके घाईत अक्षरं चिकटवतात, मग ऐकणाऱ्याला 'ए' आणि 'ई टी' यांतला फरकच कळत नाही. मोर्स पाठवायची कळ ('की') टेबलाला घट्ट बसवा, दाब मनगटातून द्या, बोटांनी टकटक करू नका.

घरी बझरवर सरावाला परवाना लागत नाही. हवेत संदेश सोडायचा तर हौशी रेडिओची (छंद म्हणून चालवायच्या 'हॅम' रेडिओची) सरकारी परीक्षा आणि परवाना हवाच. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण हौशी रेडिओवर ही भाषा रोज चालू आहे. खानापूर, बेळगाव भागात कुणी शिकत असेल तर इथं लिहा, जोडीनं सराव करू.