छोट्या केबिनवाल्या शिडाच्या होड्या: चाल कागदावर मोजायची की पाण्यावर?

तापीकाठ (भुसावळ)

ट्रेलरवर नेता येईल अशी 20 ते 25 फुटी, आत दोघांना झोपता येईल अशी शिडाची होडी घ्यायचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी एकाच ठिकाणी अडते: पळते कोणती? मग कोणी रंगरूप बघतं, कोणी ‘परदेशात लई खपली’ म्हणून सांगतं. माझं मत स्पष्ट आहे. आधी तीन आकडे काढा, निम्मा वाद तिथंच मिटतो.

पहिला आकडा पाणरेषेच्या, म्हणजे होडी पाण्याला टेकते तेवढ्या लांबीचा. ती फुटात घ्या, वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. जड बुडाची होडी साधारण तेवढ्या नॉटपर्यंत (ताशी सागरी मैल) सुखाने जाते. त्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते आणि वारा वाढला तरी वेग फारसा वाढत नाही.

दुसरा शीड आणि वजनाचा. वजन पौंडात घेऊन 64 ने भागा, त्याचा दोन-तृतीयांश घात काढा आणि शिडाच्या चौरस फुटांना त्याने भागा. 15 च्या खाली आळशी, 18 च्या वर चपळ.

तिसरा वजन आणि लांबीचा. वजन लाँग टनात (2240 पौंडांचा एक), भागिले पाणरेषेच्या शंभराव्या हिश्श्याचा घन. आकडा मोठा तितकी होडी लांबीच्या मानाने जड.

आता तीन होड्या बघा. कॅटालिना 22, वर-खाली होणाऱ्या कीलची (कील म्हणजे बुडाखालचं वजनदार उभं पातं): 5.9 नॉट, 19.8, 139. जे/24: 6 नॉट, 19.6, 173. फ्लिका 20: 5.7 नॉट, 12, आणि तिसरा आकडा 445 च्या आसपास. म्हणजे कॅटालिनाला जे/24 एवढंच बळ, शिवाय कील उचलला की तिला दोनच फूट पाणी लागतं. हतनूर धरणाच्या गाळात अजून काय पाहिजे? फ्लिका माझ्या लेखी बाद.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

भाऊ, तुमनं गणित बराबर शे, पन निम्मंच शे.

तुमच्याच आकड्यांत कॅटालिना आणि जे/24 सारख्या येतात. शर्यतीत मात्र अमेरिकेतल्या पीएचआरएफ हँडिकॅपप्रमाणे (वेगवेगळ्या होड्यांना शर्यतीत द्यायची वेळेची सवलत) जे/24 ला साधारण 170 आणि कॅटालिना 22 ला 270 च्या आसपास सेकंद धरतात. हे सेकंद दर सागरी मैलाचे, जास्त सेकंद म्हणजे होडी मंद. म्हणजे दहा मैलांत सोळा-सतरा मिनिटांचा फरक, आणि तुमच्या दुसऱ्या आकड्यात त्याचा मागमूस नाही. उलट तो आकडा कॅटालिनाला किंचित सरस ठरवतो.

फरक पाण्याखाली आहे. जे/24 चा कील चार फूट खोल, पक्का बसवलेला, त्याचा छेद पंखासारखा. शीड होडीला पुढे ढकलतं त्याहून जास्त बाजूला ढकलतं. ते बाजूचं ढकलणं अडवायचं काम कीलचं. कॅटालिनाचा बिडाचा कील पाच फुटांपर्यंत खाली जातो खरा, पण तो पातळ असतो आणि बऱ्याच जुन्या होड्यांत गंजाच्या पोपड्यांनी खडबडीत झालेला. पाणी त्याला चिकटून वाहत नाही, सुटतं. होडी नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) दिशेने चालली आहे असं वाटतं, प्रत्यक्षात ती पाच-सहा अंश खाली घसरत असते.

वाऱ्याच्या अंगावर जाताना वेगमापकावरचा वेग बघूच नका, वाऱ्याकडे किती सरकलो ते बघा. एक होडी खऱ्या वाऱ्याशी 45 अंशांवर 4.5 नॉटने जाते: वाऱ्याकडची चाल जवळपास 3.2 नॉट. दुसरी 55 अंशांवर 5 नॉटने जाते: 2.9 सुद्धा भरत नाही. सहा सागरी मैल वर, म्हणजे वाऱ्याकडे, जायचं असेल तर पहिली 1 तास 53 मिनिटांत पोचते, ‘वेगवान’ दुसरी 2 तास 5 मिनिटांत.

तापीकाठ (भुसावळ)

हँडिकॅपचा दाखला इथं लागू होत नाही. तो आकडा धुतलेल्या बुडाच्या, नव्या शिडांच्या आणि पुरेसे हात असलेल्या होडीचा. आपण दोघं जण, मागे आउटबोर्ड (टांगायचं इंजिन), आत स्टोव्ह.

आणि चार फुटांचा पक्का कील पाण्यात उतरवायचा कसा? 1,400 किलोची होडी, ट्रेलरवर तिची उंची, त्यात काळ्या मातीचा काठ. उतरवायला पक्का उतार खूप आत जाईपर्यंत पाहिजे, नाहीतर क्रेन. आपल्या धरणांवर दोन्हींची बोंब. पाणी उतरलं की जिथं डिसेंबरात उतरवली तिथं मे महिन्यात भेगाळलेला गाळ असतो. ट्रॅक्टरसुद्धा रुततो.

नवापूरकर ताई

आउटबोर्ड आणि स्टोव्ह तुम्ही स्वतःच काढलात ते बरं केलंत दादा, कारण तुमचं 19.8 रिकाम्या होडीचं आहे. कॅटालिना सुमारे 1,020 किलो. त्यात दोन माणसं 140, आउटबोर्ड 25, पेट्रोल 15, पाणी 40, बॅटरी 20, नांगर-साखळी-दोर 20, आणि जेवणखाण, भांडी, अंथरूण, हत्यारं मिळून 40 धरा. झाले 300 किलो. पुन्हा भागाकार करा: 16.6 येतं. तुमची ‘चपळ’ होडी काठावरच मध्यम झाली.

हेच 300 किलो फ्लिकात टाकले तर 12.1 वरून 11.3. कॅटालिनाचा सहावा हिस्सा गेला, फ्लिकाचा जेमतेम सात टक्के. लहान हलकी होडी सामानाला फार लागते, आणि लोक तुलना नेमकी रिकाम्या वजनावर करतात. होडीच्या माहितीपत्रकात वजन कोणतं छापलंय, आउटबोर्डसह की विना, हे आधी तपासा.

वजन किती हा निम्मा प्रश्न, कुठं हा उरलेला. नांगराची साखळी नाळेत कोंबली की होडी दर लाटेला मान डोलावते आणि प्रत्येक डुलकीला शिडातला वारा मोडतो. दोघंही मागे कॉकपिटात बसले तर मागचा चपटा काठ पाण्यात बुडतो आणि मागे फेसाळ भोवरे दिसू लागतात. ते ओढणारं पाणी. 5-6 नॉटच्या मंद वाऱ्यात एकाने केबिनच्या पुढे, वाऱ्याच्या पडत्या बाजूला (वारा येतो त्याच्या पलीकडच्या) जाऊन बसायचं. होडी थोडी कलते, शीड आपल्या वजनाने आकार धरतं आणि मागचा काठ वर येतो. एक रुपया खर्च नाही.

साक्रीचा नाखवा

फ्लिका एका वाक्यात बाद केलीत म्हणून लिहितोय.

धरणाचं पाणी सोडा, अलिबागपासून खाली हर्णैपर्यंतचा दुपारचा समुद्र डोळ्यांसमोर आणा. फेब्रुवारी-मार्चात सकाळी मतलई वारे, दुपारनंतर वायव्येकडून खारे वारे चांगलेच जोर धरतात. त्यात ओहोटीचं पाणी उलटं आलं की आखूड, उभ्या लाटा. अशा लाटेवर हलकी, सपाट बुडाची होडी आपटते, थांबते, पुन्हा वेग धरते, पुन्हा आपटते. कागदावर ती 5 नॉटची, त्या पाण्यात वाऱ्याकडे 2 नॉटसुद्धा देत नाही. जड होडी लाट कापून जाते. तान्या एबी 18 व्या वर्षी 1985 मध्ये न्यूयॉर्कहून निघाली आणि 1987 मध्ये पृथ्वीला फेरी घालून परतली, ती ‘वरुणा’ नावाच्या काँटेसा 26 वर. तीही जुन्या घाटाची, लांब कीलची, जड होडी. चालीच्या तुलनेत ‘माणूस सुकाणूवर किती तास टिकतो’ हा रकाना कुणीच घालत नाही.

मंद वाऱ्यात फ्लिका रडते, हे मात्र खरं. पाण्याला घासणारं बूड मोठं, शीड कमी.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

काका, समुद्रापर्यंत न्याल तेव्हा ना. होडी 2,700 किलो, वर ट्रेलर. कोंडाईबारी घाट असो की कसारा, साध्या एसयूव्हीने चढवणं दूर, उतारावर थांबवणं अवघड. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर विचारसुद्धा करू नका. आणि टॅक घेताना (नाळ वाऱ्यातून फिरवून वारा दुसऱ्या बाजूला घेताना) लांब कील भरलेल्या बैलगाडीसारखा वळतो. वळता वळता वेग गेला की नाळ वाऱ्यात अडकते आणि होडी उलटी सरकायला लागते. मग जिब (पुढचं शीड) उलट बाजूला धरून नाळ ढकलावी लागते.

शीट-ओढा (जळगाव)

तिघंही आपापल्या होडीचं वकीलपत्र घेऊन बसलात. दोन होड्यांची तुलना प्रत्यक्षात कशी करतात ते लिहितो, कारण ती बहुतेक वेळा चुकीच्याच पद्धतीने होते.

दोन्ही होड्या एकाच वेळी पाण्यात पाहिजेत. आज एक, उद्या दुसरी, याला तुलना म्हणत नाहीत. 6 नॉटचा वारा 12 झाला की शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. दोघी शेजारी-शेजारी, वाऱ्याला समांतर नाही तर वाऱ्याला आडव्या रेषेत उभ्या करा, मध्ये चार-पाच होडीलांबींचं अंतर. नाहीतर खालची होडी वरच्या शिडाच्या सावलीत सापडते. दहा मिनिटं एका टॅकवर, मग दुसऱ्या टॅकवर दहा, मग जागा बदलून तेच पुन्हा. त्यानंतर सुकाणूवरची माणसं बदला. इथंच बऱ्याच ‘वेगवान’ होड्यांचं रहस्य बाहेर पडतं.

एकच होडी असेल तर फोनच्या जीपीएसवर माग नोंदवा आणि दोन टॅकमधला जमिनीवरचा कोन मोजा. घसरण त्यात आपोआप धरली जाते. पंखासारख्या कीलवर, बऱ्या शिडांनी, सपाट पाण्यात 90 च्या आसपास यावा. उचलत्या कीलची सामानाने भरलेली होडी 100 च्या मागेपुढे. 110 च्या वर गेला तर होडीला दोष द्यायच्या आधी शिडं उतरवून जमिनीवर पसरा.

जुन्या डेक्रॉनचं (शिडाच्या पॉलिएस्टर कापडाचं) पोट ताणून मागे सरकलेलं असतं. असं शीड होडीला कलवतं जास्त, ओढतं कमी. डोलकाठीला पुढून धरणारी तार ढिली असेल तर जिबची पुढची कड पडत्या बाजूला कमानीसारखी वाकते आणि पाच-सात अंश तिथंच जातात. जिबच्या पुढच्या कडेपासून वीतभर मागे दोन्ही बाजूंना लोकरीचे धागे चिकटवा. वाऱ्याकडचा धागा फडफडला तर फार वर गेलात, पलीकडचा फडफडला तर शीट (शीड ओढायचा दोर) जास्त ओढली आहे.

आउटबोर्डचा पाय पाण्यातून पूर्ण वर पाहिजे. लोक पंखा पाण्यात ठेवून चालीची तुलना करतात आणि अर्धा नॉट होडीच्या नावावर मांडतात.

सुकाणू सरळपासून तीन ते पाच अंश ओढावं लागलं तर ठीक, ते कामाचंच आहे. दहाच्या वर गेलं की ब्रेक लावून चाललात. पहिला उपाय मेनसेलची (मुख्य शिडाची) शीट सोडणं, दुसरा मेनला रीफ घेणं, म्हणजे ते थोडं गुंडाळून लहान करणं. सुकाणूचं पातं वर उचलणारं असेल तर ते पूर्ण खाली बसलंय का बघा. अर्धवट मागे राहिलं तर दांडा हातात जड लागतो आणि लोक उगाच डोलकाठी पुढेमागे करत बसतात.

हतनूरला आणखी एक: जलपर्णीचा एक झुबका कीलवर अडकला की मोजणी फुकट. उचलता कील असेल तर तो उचलून-सोडून झटकता येतो. पक्का कील असेल तर होडी उलटी चालवावी लागते.

तापीकाठ (भुसावळ)

जलपर्णीचा मुद्दा माझ्या बाजूचा, नोंद व्हावी.

ताईंचं वजन मान्य. यापुढे भरलेल्या वजनाचेच आकडे काढायचे. पण शंभर सेकंदांचा सगळा फरक कीलच्या माथी मारणं मला पटत नाही. गंजलेला कील खरवडून, इपॉक्सीने भरून, दोन्ही बाजू साच्याने सारख्या करता येतात. जे/24 चा पक्का कील मात्र उचलता येत नाही.

गिरणाकाठ (चाळीसगाव)

करा की. पण क्रम चुकवू नका. आधी उघड्या धातूपर्यंत घासायचं, गंज परत धरायच्या आत, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, मग भरण. पुढची कड गोल, मागची पातळ ठेवा. वरच्या भागात जाडी वाढवू नका, नाहीतर कील खाचेत अडकून वरच जाणार नाही. त्याच वेळी कील ज्यावर फिरतो तो खिळीचा बोल्ट काढून त्याची झीज बघा आणि उचलायची तार बदला. ती कीलला जोडते तिथंच, पाण्यात, आतून गंजते, बाहेरून दिसत नाही. अडीचशे किलोचा बिडाचा कील तार तुटून सुटला तर खाचेला तडा जातो.

नवापूरकर ताई

सगळ्यांना एक विनंती: डोलकाठी उभी करायच्या आधी वर बघा. सात-साडेसात मीटरची ॲल्युमिनियमची काठी आणि काठाकाठाने कृषिपंपांच्या तारा. होडी उभ्या काठीने ट्रेलरवर हलवायची नाही, अगदी पन्नास पावलंसुद्धा.

आणि दहा अंश वर जाण्यावरून इतकं भांडताय, पण धरणावर वारा टेकड्यांमधून येतो, मिनिटामिनिटाला वीस-तीस अंश फिरतो. वारा नाळेकडे फिरला की लगेच टॅक घेणारा माणूस उचलत्या कीलवरही पुढे जाईल. उकई धरणाच्या फुगवट्यासारख्या अरुंद, वळणाच्या पाण्यात तर दोन-चार मिनिटांनी टॅक आलीच.

शीट-ओढा (जळगाव)

मग जिब शंभर टक्क्यांचीच, म्हणजे डोलकाठीपर्यंतच पोचणारी, ठेवा. दीडशे टक्क्यांची जेनोआ (डोलकाठीच्या मागे जाणारी मोठी जिब) दर टॅकला विंचवर (दोर ओढायच्या फिरकीवर) ओढायची म्हटलं तर दोघांतला एक जण दुसरं काहीच करू शकत नाही. वारा 6 नॉटच्या खाली आला तर मात्र तीच जेनोआ लागेल, आणि तेव्हा टॅक सावकाश, रुंद वळणाने घ्या. सुकाणू झटक्यात फिरवलं की हलकी होडी वेग मारून जागच्या जागी उभी राहते, मग कील कोणताही असो.